चलन बदलणार आहे: जनजागृती गल्ल्यापासून कशी सुरू करावी

देशाचं चलन बदलायचं ठरलं की पहिलं पोस्टर निघतं ते तारखेचं. तारीख मात्र लोकांना पोस्टर न लावताही कळते. लोक अडतात ते सकाळी दुधाच्या केंद्रावर. पिशवी जुन्या पैशांत किती, नव्यात किती, हातातली जुनी नोट अजून चालते का, आणि परत मिळालेली मोड बरोबर आहे का, हे चार प्रश्न तिथे उभे राहतात. मागे रांग असते आणि दुकानदारालाही घाई असते. मोहीम आखणाऱ्याने हा गल्ला डोळ्यांसमोर ठेवूनच कामाला लागावं.

इथे चार चलनबदलांचा आधार घेतला आहे: भारतातले नवे पैसे (१ एप्रिल १९५७), ब्रिटनचं दशमान चलन (१५ फेब्रुवारी १९७१), क्रोएशियातला युरो (१ जानेवारी २०२३) आणि बल्गेरियातला युरो (१ जानेवारी २०२६).

काय बदलत नाही, ते आधी सांगा

चलनबदल दोन तऱ्हेचे असतात. एकात मूळ नाणं तेच राहतं, फक्त त्याचे भाग बदलतात. १९५७ मध्ये रुपया तोच राहिला. सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै हे भाग गेले आणि शंभर नवे पैसे आले. १९७१ मध्ये पौंड तोच राहिला, २४० पेन्सांचे १०० झाले. दुसऱ्या तऱ्हेत चलनच नवं येतं आणि सगळ्या रकमा ठरलेल्या दराने पालटतात, जसं क्रोएशियाच्या कुनाचं किंवा बल्गेरियाच्या लेव्हचं युरोत झालं. २०१६ ची नोटाबंदी या दोन्हींत बसत नाही. तिथे काही नोटा रद्द झाल्या, हिशेबाचं माप बदललं नाही. शिवाय ती अचानक जाहीर करायची असल्यामुळे आधी जनजागृती करायला वावच नव्हता.

पहिल्या तऱ्हेच्या मोहिमेत सर्वांत वर एकच ओळ हवी: रुपया तोच आहे, तुमचा पगार तोच आहे. ही ओळ लिहायची राहून गेली की लोक बचतीच्या काळजीने बँकेत गर्दी करतात आणि मुख्य माहिती ऐकायला कुणी थांबत नाही. दुसऱ्या तऱ्हेत ओळ अशी: खात्यातले पैसे आपोआप बदलतील, तुम्हाला काही करावं लागणार नाही. बदलून घ्यायची आहे ती फक्त रोकड.

दर आणि पूर्णांकाचा नियम

दर सगळ्या अंकांसह छापायचा. क्रोएशियात १ युरो = ७.५३४५० कुना आणि बल्गेरियात १ युरो = १.९५५८३ लेव्ह असा दर होता. शेवटचे अंक गाळून ‘साडेसात’ किंवा ‘दोन’ असं सांगण्याचा मोह होतो, कारण ते बोलायला सोपं. पण १,००० कुनांचे खऱ्या दराने १३२.७२ युरो होतात आणि साडेसातने भागले तर १३३.३३. फरक ६१ सेंटचा. लेव्हमध्ये उलट होतं: शंभर लेव्हचे ५१.१३ युरो होतात, ‘निम्मे’ म्हणणारा दुकानदार ५० टेकवतो आणि गिऱ्हाईकाचे १.१३ युरो जातात. मनातल्या मनात अंदाज करायला ‘निम्मे आणि वर थोडे’ हे शिकवायला हरकत नाही, पण ते अंदाजापुरतंच आहे हे तिथल्या तिथे सांगा.

मग पूर्णांकाचा नियम, म्हणजे पालटल्यावर उरलेला तुकडा सोडायचा की पुढचा धरायचा. युरोत तिसरा दशांश ५ किंवा जास्त असेल तर वरचा सेंट, कमी असेल तर खालचा. १९५७ चा आपला नियम थोडा वेगळा होता: अर्धा नवा पैसा किंवा त्याहून कमी असेल तर सोडायचा, अर्ध्याहून जास्त असेल तर पुढचा धरायचा. नेमका अर्धा आला की काय करायचं, हे प्रत्येक चलनबदलात वेगळं ठरू शकतं. म्हणून दुसऱ्या देशाचं पत्रक पुढ्यात ठेवून भाषांतर करू नये.

आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. त्यावरून लागू झालेला तक्ता असा:

१ आणा – ६
२ आणे – १२
३ आणे – १९
४ आणे – २५
५ आणे – ३१
६ आणे – ३७
७ आणे – ४४
८ आणे – ५०
९ आणे – ५६
१० आणे – ६२
११ आणे – ६९
१२ आणे – ७५
१३ आणे – ८१
१४ आणे – ८७
१५ आणे – ९४
१६ आणे – १००

चार, आठ, बारा आणि सोळा या चारच ओळी नेमक्या जुळतात. बाकी बारा ठिकाणी कुणाचा तरी पाव किंवा अर्धा पैसा जातो आणि भांडण तिथेच होतं. म्हणून पत्रकात तक्त्याच्या खाली, तक्त्याइतक्याच मोठ्या अक्षरात, एक वाक्य टाकायचं: आधी बेरीज करा, मग पालटा.

ते का, ते उदाहरणानेच कळतं. एकेक आण्याच्या चार जुड्या घेतल्या. प्रत्येक जुडी वेगळी पालटली तर सहा चोक चोवीस. एकूण चार आणे पालटले तर पंचवीस. भाजीवालीचा एक पैसा बुडाला. आता तीन-तीन आण्यांच्या दोन वस्तू घ्या. वेगवेगळ्या पालटल्या तर १९ आणि १९ मिळून ३८. एकूण सहा आणे पालटले तर ३७. इथे गिऱ्हाईकाचा पैसा गेला. दोघेही तक्ता दाखवून ‘माझंच बरोबर’ म्हणू शकतात, आणि तक्ता दोघांच्याही बाजूने असतो. ही दोन उदाहरणं प्रत्येक सभेत फळ्यावर सोडवून घ्या. नुसता नियम वाचून दाखवला तर तो ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून जातो.

तक्ता छापताना

एक ते शंभरपर्यंतचे सगळे आकडे छापलेला तक्ता दिसायला भरगच्च असतो, पण वापरात कुचकामी. लोक रोज देतात त्या रकमा आधी गोळा करा: दुधाची पिशवी, पाव, बसचं तिकीट, चहा, दाढी, दळण, वर्तमानपत्र, महिन्याचं पेन्शन. साधारण पंधरा-वीस रकमा पुरतात. त्यांच्या खाली सुट्या नोटा आणि नाणी: जुनी दहाची नोट म्हणजे नव्यात किती, जुनी पन्नासची म्हणजे किती.

तक्ता दोन्ही दिशांनी हवा. जुन्याचं नवं करायचा तक्ता पहिले काही आठवडे लागतो. नव्याचं जुनं करायचा तक्ता त्यानंतर बरेच महिने लागतो, कारण भाव स्वस्त की महाग हे मन जुन्या पैशांतच ठरवतं. बहुतेक मोहिमा दुसरा तक्ता छापायलाच विसरतात.

दुकानात तो गल्ल्यावर लावा, गिऱ्हाईकाला आणि दुकानदाराला दोघांना एकाच वेळी वाचता येईल असा. म्हणजे एक तर दोन्ही बाजूंनी छापलेला उभा पुठ्ठा, किंवा काउंटरच्या काचेखाली आडवा. भिंतीवर मागे लावलेला तक्ता फक्त गिऱ्हाईकाला दिसतो, दुकानदाराला मान वळवावी लागते, मग तो अंदाजाने सांगतो. जुनं-नवं केवळ रंगाने वेगळं दाखवू नका. रंग न कळणारे लोक असतात, आणि झेरॉक्स काढली की दोन्ही करडेच दिसतात. जुन्या रकमेभोवती चौकट आणि नवी रक्कम ठळक, एवढं पुरतं. छपाईला देण्याआधी कच्चा तक्ता दहा माणसांच्या हातात द्या, त्यात निदान तीन साठीच्या पुढचे असू द्या, आणि विचारा: ‘सात आण्यांची वस्तू घेतली, आठ आणे दिले, किती परत?’ जिथे बोट अडखळेल तिथे तक्ता चुकला आहे, माणूस नव्हे.

दुकानांना आणि बँकांना तक्ता एकच ठेवा. ब्रिटनमध्ये दोन होते: दुकानांसाठी अर्ध्या पेनीपर्यंतचा आणि बँकांसाठी पूर्ण पेनीचा, कारण बँकेच्या हिशेबात अर्धी पेनी नव्हतीच. त्यामागे कारण होतं, पण एकच रक्कम दोन कागदांवर दोन तऱ्हांनी दिसते हे सामान्य माणसाला समजावणं फार जड जातं.

दोन किमती शेजारी-शेजारी

एकाच उपायावर पैसे खर्च करायचे असतील तर ते दुहेरी किमतींवर करा. क्रोएशियात ५ सप्टेंबर २०२२ पासून ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत दुकानांना दोन्ही चलनांत किंमत दाखवणं सक्तीचं होतं, म्हणजे बदलाआधी जवळजवळ चार महिने आणि नंतर पूर्ण वर्ष. बल्गेरियाने ८ ऑगस्ट २०२५ ला सुरुवात केली. रोज डोळ्यांखालून जाणारी चिठ्ठी जे शिकवते ते कुठल्याही भाषणाने होत नाही.

हे फसतं ते असं. फळीवरच्या चिठ्ठीवर दोन किमती असतात, पण पावतीवर एकच. मग गिऱ्हाईकाला पडताळता येत नाही. पावतीच्या तळाशी एकूण रक्कम दोन्ही चलनांत आणि पूर्ण दर असायलाच हवा. सुट्या मालात किलोचा भाव पालटलेला असतो, पण गिऱ्हाईक पावशेर घेतं, आणि तिथे पुन्हा पूर्णांकाचा घोळ होतो. म्हणून वजन करून आलेली एकूण रक्कम पालटायची. हातगाडीवाले आणि बाजारातल्या बायका यांना प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी लावायला सांगू नका. त्यांच्यासाठी एक खडूची पाटी आणि वर सांगितलेला पुठ्ठा पुरे.

गल्ल्यावरच्या माणसाचं शिक्षण

लोकांच्या आधी रोखपाल तयार व्हायला हवा. त्याला येत असेल तर पहिल्या आठवड्यात तोच शेकडो जणांना शिकवतो. त्याला येत नसेल तर तुमचं पत्रक घराघरांत जाऊनही उपयोग नाही.

बदलाच्या सहा ते आठ आठवडे आधी दीड तासाचं एक सत्र घ्या, दहा-बारा जणांचं, त्याहून मोठं नको. पहिली पंधरा मिनिटं नियम आणि तक्ता. उरलेला सगळा वेळ सराव: एक जण गिऱ्हाईक, एक दुकानदार, पुठ्ठ्याची किंवा नमुन्याची नाणी, आणि प्रत्येकाकडून वीस व्यवहार. त्यात मुद्दाम ही चार घाला: गिऱ्हाईक निम्मे जुने आणि निम्मे नवे पैसे देतं, मोठी जुनी नोट देऊन लहान वस्तू घेतं, उधारीची जुनी वही चुकती करतं, आणि घेतलेली वस्तू परत करतं. उधारीच्या वहीचा प्रश्न प्रत्येक किराणा दुकानात येतो आणि पत्रकात कुठेच नसतो. उत्तर सोपं आहे: बदलाच्या आदल्या रात्री प्रत्येक खात्याखाली रेघ मारायची, जुनी बाकी लिहायची, तिच्या शेजारी पालटलेली नवी बाकी, आणि गिऱ्हाईकाची सही किंवा अंगठा.

गल्ल्याची रचना हा सरावाचाच भाग. वरचा खण फक्त नव्या पैशांचा. जुने पैसे आले की ते खालच्या बंद डब्यात टाकायचे आणि त्यातून परत काही काढायचं नाही. मोड नव्या चलनातच द्यायची. युरोतल्या बदलांत हाच नियम ठेवला जातो, आणि दोन्ही चलनं शेजारी चालण्याचा काळ छोटा ठेवता येतो तो त्याच्या जोरावर. क्रोएशियात तो १ ते १४ जानेवारी एवढाच होता, बल्गेरियात महिनाभर. दोन्ही चलनं एका खणात ठेवली तर तिसऱ्या दिवशी हिशेब लागत नाही.

मोडीचा साठा नेहमीपेक्षा कितीतरी जास्त लागतो. घरातल्या जुन्या मोठ्या नोटा संपवायला पहिले काही दिवस प्रत्येक जण त्याच घेऊन येतो, आणि दुकान नकळत नोट बदलण्याची खिडकी बनतं. म्हणून नवी नाणी आधीच बँकेतून उचलायला सांगा. क्रोएशियात लोकांसाठी १ डिसेंबर २०२२ पासून ३३ नाण्यांची पुडकी विकायला ठेवली होती, १०० कुनांत १३.२८ युरो. त्याने मोडीची टंचाई थोडी हलकी होते, पण खरा फायदा वेगळाच: महिनाभर आधी नाणी घरात येतात आणि हातात खेळतात.

दिवस कोणता निवडायचा, हे बहुधा तुमच्या हातात नसतं. असलं तर व्यापार मंद असणारा काळ घ्या. ब्रिटनने फेब्रुवारी याच कारणासाठी निवडला, आणि चेकांचा निपटारा व्हावा म्हणून बँका १० फेब्रुवारीच्या दुपारपासून १५ च्या सकाळपर्यंत बंद ठेवल्या. ५ आणि १० पेन्सांची नवी नाणी तर १९६८ पासूनच चालत होती, तितक्याच किमतीच्या जुन्या शिलिंग आणि दोन शिलिंगांच्या नाण्यांच्या बरोबरीने. बदलाच्या दिवशी अर्धी, एक आणि दोन पेन्सांची नाणीच काय ती नवी होती.

पत्रक न वाचणाऱ्यांपर्यंत

घरोघरी पत्रक पाठवणं आवश्यकच आहे. क्रोएशिया आणि ब्रिटन दोघांनीही ते केलं. त्यावर थांबलात तर वाचणारेच शहाणे होतात. आठवडी बाजार, एसटी स्टँड, रेशन दुकान, दवाखाना, पेन्शनच्या दिवशी पोस्ट, बचत गटाची बैठक, कीर्तनानंतरची गर्दी: जिथे माणसं थांबलेली असतात तिथे नाणी घेऊन जा आणि हाताळायला द्या. चित्र दाखवून भागत नाही.

नाण्याने स्वतःच शिकवावं अशी सोय १९५७ मध्ये होती. एका नव्या पैशावर ‘रुपये का सौवाँ भाग’ आणि दहावर ‘दसवाँ भाग’ कोरलेलं होतं. आकारही वेगवेगळे होते: एक पैसा गोल, पाच चौकोनी, दोन आणि दहा कंगोऱ्यांचे. पण बोटांना गोंधळवणारी एक गोष्ट होती. जुने दोन आणेही चौकोनीच होते आणि जुना आणाही कंगोऱ्यांचाच. अंध माणसासाठी आणि अंधाऱ्या दुकानात हा फरक मोठा. म्हणून नव्या-जुन्या नाण्यांतल्या सारख्या दिसणाऱ्या किंवा लागणाऱ्या जोड्या आधी शोधून काढा, आणि फक्त त्या जोड्यांचं वेगळं शिकवणं करा. अंधांच्या संस्थांकडे प्रत्यक्ष नाण्यांचा संच पाठवा. युरोच्या वीस सेंटच्या कडेला सात खाचा आहेत आणि दोन सेंटच्या कडेला एक चर. अशा खुणा तोंडी सांगून, बोट फिरवून घेऊन शिकवाव्या लागतात.

जुन्या नावांशी भांडू नका. चवली म्हणजे दोन आणे. तिचे साडेबारा पैसे होतात, म्हणजे नेमकं काहीच होत नाही, आणि तो शब्द मागे पडला. चाराणे, आठाणे, बाराणे मात्र बोलण्यात राहिले, कारण ते २५, ५० आणि ७५ शी नेमके जुळत होते. पत्रकात ‘चार आणे, म्हणजेच २५ नवे पैसे’ असं लिहिलं की लोकांना पाय ठेवायला जागा मिळते. गोव्यात तर थोड्या वर्षांत दोनदा हिशेब बदलला: आधी पोर्तुगीज अमलातल्या रुपियाच्या जागी, एका रुपियाला सहा या प्रमाणात, एस्कुदो, आणि १९६१ च्या मुक्तीनंतर भारतीय रुपया.

अफवा, भामटे आणि भाववाढ

तीन वाक्यं सुरुवातीपासून प्रत्येक कागदावर असू द्या. पैसे बदलायला घरी कुणीही येणार नाही. बदलून देण्याचे पैसे लागत नाहीत. फोनवर कुणाला खातं ‘पालटून’ द्यायचं नसतं. पुढे नेमकी ठिकाणं, तारखा आणि मर्यादा लिहा. क्रोएशियात बँका २०२३ च्या अखेरपर्यंत एका वेळी १०० नोटा आणि १०० नाणी फुकट बदलून देत होत्या. ‘लवकर बदला’ असं मोघम लिहिलं की म्हातारी माणसं घाबरतात आणि दारावर आलेल्या भामट्याचं ऐकतात.

अफवेला उत्तर देताना अफवेचाच आकार लक्षात घ्या. आपल्याकडे दहा रुपयांचं नाणं ‘चालत नाही’ अशी समजूत पसरली, कारण वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी नक्षी आली आणि लोकांना वाटलं त्यातली एक खोटी. रिझर्व्ह बँकेला २०१८ मध्ये १४ नक्ष्या चलनात असल्याचं जाहीर करावं लागलं आणि त्याच्या माहितीसाठी १४४४० हा फोन क्रमांकही दिला. नाण्यांची नक्षी एकाहून जास्त असणार असेल तर सगळ्या नक्ष्या पहिल्याच पत्रकात छापा. नंतर केलेला खुलासा अफवेच्या मागे धावत राहतो.

भाववाढीची तक्रार येणारच. जर्मनीत युरो आल्यावर त्याला ‘महाग’ या शब्दाशी जोडून ‘टॉयरो’ म्हणू लागले, आणि २००२ चा तो ‘वर्षाचा शब्द’ ठरला. ‘भाव वाढलेच नाहीत’ असं छातीठोक सांगू नका. चहा-कॉफी, न्हाव्याचं दुकान यांचे भाव रोज नजरेत येतात आणि तिथे वाढ झाली असेल तर तुमच्या बाकी माहितीवरचाही विश्वास उडतो. त्याऐवजी मोजमाप द्या. पूर्णांकामुळे एका रकमेत फार तर सर्वांत लहान नाण्याच्या अर्ध्याइतका फरक पडतो. एक आण्याचा चहा नियमाने ६ नव्या पैशांचा. सातला विकला तर ती पूर्णांकाची तफावत नाही, ती सव्वासहावर १२ टक्क्यांची भाववाढ आहे. त्याच वेळी सहाला विकणाऱ्या चहावाल्याला प्रत्येक कपामागे ४ टक्के सोसावे लागतात, हेही तितकंच खरं, आणि ते मान्य केल्याशिवाय तो तुमच्या सभेला येणार नाही. त्याला सुचवायचं ते हे: दोन कपांचे १२, चारांचे २५ अशी पाटी लाव. चार कपांपाशी त्याचा हिशेब नेमका जुळतो.

बदल झाल्यावर

मोहीम पहिल्या दिवशी बंद करू नका. मदतीचा फोन निदान सहा महिने चालू ठेवा आणि रोज कोणते प्रश्न आले याची यादी काढा. तीन दिवसांत एखादा प्रश्न वारंवार आला तर त्याचं उत्तर गल्ल्यावरच्या पुठ्ठ्यावर चिकटवा.

जुनी रोकड बदलायच्या शेवटच्या तारखा नोटांसाठी आणि नाण्यांसाठी बहुधा वेगळ्या असतात. क्रोएशियाच्या राष्ट्रीय बँकेत कुनाच्या नोटा कायम बदलून मिळतात, पण नाणी बदलण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. नोटा माणूस विसरत नाही, नाणी विसरतो. ती देव्हाऱ्यातल्या वाटीत, मुलांच्या गल्ल्यात, शिवणाच्या डब्यात, देवळाच्या दानपेटीत पडून असतात. म्हणून मुदत संपायच्या दोन महिने आधी एक शेवटचं, अगदी छोटं पत्रक काढा. त्यात दर नको, नियम नको, फक्त घरातल्या अशा सात-आठ जागांची नावं, बँकेचा पत्ता आणि तारीख. शाळेत मुलांच्या हाती दिलं तर ते संध्याकाळपर्यंत सगळे डबे पालथे घालतात.